आचाऱ्याला दागिन्यांची खोली कशाला?

त्या रात्री सर्व्हरवरचं /व्हार पार्टिशन शंभर टक्के भरलं आणि डेटाबेसने मान टाकली. शेजारी /डेटा नावाचं भलंमोठं पार्टिशन जवळपास रिकामं पडलेलं. उपाय सरळ होता: मारियाडीबी (हाच तो डेटाबेस, त्याच्या फाइलींना मात्र मायएसक्यूएल हेच नाव असतं) बंद करायचं, /व्हार/लिब/मायएसक्यूएल हा फोल्डर आरसिंकने /डेटा मध्ये हलवायचा, कॉन्फिगमध्ये नवा पत्ता लिहायचा आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करायची. दहा मिनिटांचं काम. पण सर्व्हिस उठेना. लॉगमध्ये एकच रड: फोल्डरमध्ये लिहिता येत नाही, एररकोड १३, परमिशन डिनाइड.

फोल्डरचा मालक तपासला, बरोबर होता. परमिशन तपासल्या, जशाच्या तशा होत्या. मग वैतागून जे करू नये ते केलं, चमॉड ७७७. म्हणजे कोणीही यावं, वाचावं, लिहावं, पुसावं. तरीही एररकोड १३. रात्री एक वाजता एका जुन्या मित्राला फोन लावला. तो झोपेतच म्हणाला, "सेटएनफोर्स झिरो मार आणि घरी जा." मारलं. डेटाबेस लगेच उठला. मीही घरी गेलो.

अकरा महिन्यांनी कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, अपडेट आलं म्हणून सर्व्हर रीबूट केला, आणि तोच एररकोड १३ पुन्हा समोर, तोही भर कामाच्या वेळी. सेटएनफोर्सने केलेला बदल फक्त पुढच्या रीबूटपर्यंत टिकतो, हे मला तेव्हा कळलं. आणि अकरा महिने आपण नेमकं काय बंद करून ठेवलं होतं हेही तेव्हाच बसून वाचलं. त्याचं नाव एसईलिनक्स, सर्व्हिसेसना कुंपण घालणारी लिनक्समधली व्यवस्था. त्या वाचनातून जे समजलं ते इथे मांडतो.

मालकाची मर्जी

फाइलींचं रक्षण करायची लिनक्सची जुनी रीत युनिक्सकडून आलेली आहे. प्रत्येक फाइलला एक मालक, एक ग्रुप, आणि मग बाकीचे सगळे. यांपैकी कोणी वाचायचं, कोणी लिहायचं, कोणी चालवायचं हे मालक ठरवतो. मनात आलं तर तो आपली फाइल साऱ्या गावाला खुली करू शकतो. मी ७७७ टाकून तेच केलं होतं. सगळं मालकाच्या मर्जीवर, म्हणून या पद्धतीचं नाव डिस्क्रीशनरी ॲक्सेस कंट्रोल. आपण तिला डॅक म्हणू.

डॅकला एकच प्रश्न विचारता येतो: हा प्रोग्राम कोणाच्या नावावर चालतोय? डेटाबेस 'मायएसक्यूएल' या युजरच्या नावावर चालतो. त्यामुळे त्या युजरला जे जे करता येतं ते सगळं डेटाबेसलाही करता येतं. सर्वांना वाचायला खुल्या असलेल्या हजारो फाइली तो वाचू शकतो, /टेम्प मध्ये काहीही लिहू शकतो, शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) चालवू शकतो, इंटरनेटवरच्या कुठल्याही मशीनशी बोलू शकतो. डेटाबेसला यातलं काय लागतं? जवळपास काहीच नाही. त्याला त्याच्या टेबलांच्या फाइली, त्याचा लॉग, त्याचं कॉन्फिग आणि ३३०६ नंबरचा पोर्ट (नेटवर्कवर बोलायचं दार) पुरतो. पण "तुझं काम काय?" हा प्रश्न डॅक कधी विचारतच नाही. आणि सर्व्हिस रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी युजरच्या, नावावर चालत असेल तर तिला कुणी काहीच विचारत नाही.

लग्नघराचं बघा. आचारी येतो. त्याला भटारखाना लागतो, कोठीची खोली लागते, पाण्याची पिंपं लागतात. नवरीचे दागिने ठेवलेल्या खोलीत त्याचं काही काम नाही. आता समजा, या लग्नात स्वयंपाकाची जबाबदारी नवरीच्या सख्ख्या मामानेच घेतली आहे. डॅकच्या हिशेबात तो मामा आहे, म्हणजे घरभर मोकळा. मँडेटरी ॲक्सेस कंट्रोल, थोडक्यात मॅक, नातं बघत नाही. आत्ता हातात झारा आहे ना? मग भटारखाना आणि कोठी, बस्स. आणि खुद्द यजमानांनी "जाऊ दे रे, आपलाच माणूस आहे" म्हटलं तरी ते दार उघडत नाही. मँडेटरी या शब्दाचा सगळा जोर इथे आहे.

यात मामावर अविश्वास नाही. भीती वेगळीच आहे. सर्व्हिसमध्ये एखादी चूक असते, बाहेरचा कोणी त्या चुकीतून आत शिरतो आणि सर्व्हिसच्याच अंगात संचारतो. मग बोलतो तो, पण तोंड मामाचं. अशा वेळी डॅकच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नसतं. मायएसक्यूएल हा युजर आपल्या हक्काच्या गोष्टी करत असतो. मॅक त्या संचारलेल्याला थोपवून सर्व्हिसच्या बाहेर काढत नाही, पण दागिन्यांच्या खोलीपर्यंत पोचू देत नाही. घर लुटलं जाण्याऐवजी फार तर वरणाचं पातेलं जातं.

कपाळावरची चिठ्ठी

लिनक्सवर मॅक आणणाऱ्या व्यवस्था तीन-चार आहेत. त्यातली रेड हॅट, फेडोरा आणि त्यांच्या भावंडांवर आधीपासून चालू असलेली, आणि माझ्या त्या सर्व्हरवरचीही, म्हणजे एसईलिनक्स. तिची कल्पना अगदी साधी आहे: मशीनवरच्या प्रत्येक गोष्टीच्या कपाळावर एक चिठ्ठी. चालू असलेल्या प्रत्येक प्रोसेसवर, प्रत्येक फाइलवर, प्रत्येक पोर्टवर. पीएस किंवा एलएस या नेहमीच्या कमांडना मोठा झेड जोडला की ही चिठ्ठी दिसते. चिठ्ठीचे चार तुकडे असतात, पण रोजच्या कामात तिसरा तेवढा बघायचा, त्याला टाइप म्हणतात. त्याच्या शेवटी बहुतेक वेळा 'टी' असतो. डेटाबेसच्या प्रोसेसचा टाइप मायएसक्यूएलडी_टी. त्याच्या टेबलांच्या फाइलींचा टाइप मायएसक्यूएलडी_डीबी_टी.

मग पॉलिसीत, म्हणजे नियमांच्या यादीत, एक ओळ असते. तिचा मराठीत अर्थ असा: मायएसक्यूएलडी_टी ला मायएसक्यूएलडी_डीबी_टी या टाइपच्या फाइली उघडू द्या, वाचू द्या, लिहू द्या. अशा ओळी हजारोंनी असतात आणि त्या सगळ्या 'द्या'च्या असतात. 'देऊ नका' लिहायची गरजच नाही, कारण जे लिहिलेलं नाही ते मिळत नाही. या नियमांत रूट नावाचा प्राणीच नाही. वेब सर्व्हरची मुख्य प्रोसेस ८० नंबरचा पोर्ट धरण्यासाठी रूट म्हणून सुरू होते, पण तिच्या कपाळावर एचटीटीपीडी_टी लिहिलंय ना? मग वेब सर्व्हरचं जेवढं काम तेवढंच. ऑस्ट्रेलियातले रसेल कोकर यांनी यावर अफलातून प्रयोग केला होता. एसईलिनक्सचं कुंपण घातलेलं एक मशीन इंटरनेटला जोडलं आणि त्याचा रूट पासवर्ड सरळ जाहीर करून टाकला. या, रूट म्हणून लॉगिन करा, बघा काय मोडता येतं ते.

चिठ्ठी लावतं कोण? डेटाबेसने स्वतः "मी डेटाबेस" म्हणून चालत नाही. मशीन सुरू होताना सिस्टिमडी ही पहिली प्रोसेस असते, तिचा टाइप इनिट_टी. डेटाबेसच्या प्रोग्रामच्या फाइलवर मायएसक्यूएलडी_एक्झेक_टी अशी चिठ्ठी असते. पॉलिसी म्हणते, इनिट_टी ने या चिठ्ठीची फाइल चालवली की जन्माला येणारी प्रोसेस मायएसक्यूएलडी_टी असेल. कुणी ती चालवली आणि कोणती फाइल चालवली, या दोन्हीवरून जन्मतःच टाइप ठरतो. तोच प्रोग्राम मी लॉगिन करून हाताने चालवला तर मात्र हा बदल सहसा होत नाही, तो माझ्याच मोकळ्या टाइपमध्ये चालतो. पुष्कळ जण इथे फसतात: "हाताने चालवलं की चालतं, सर्व्हिस म्हणून चालत नाही." असं कोणी सांगितलं की माझा पहिला संशय एसईलिनक्सवरच जातो.

हे आलं कुठून

मॅकची कल्पना लष्करी कागदपत्रांतून आली. गोपनीय, अतिगोपनीय अशा थरांची गणितं १९७० च्या दशकात अमेरिकी संरक्षण खात्यासाठी मांडली गेली. त्यातून पुढे जे निघालं ते सामान्य ऑफिसात वापरता येण्यासारखं नव्हतं. एसईलिनक्स अमेरिकेच्या एनएसए या संस्थेने डिसेंबर २००० मध्ये सोर्स कोडसकट जाहीर केलं. (हो, तीच हेरगिरीवाली एनएसए. हे ऐकून भुवया उंचावणारे नेहमी भेटतात. कोड गेली वीस-पंचवीस वर्षं सगळ्या जगासमोर उघडा पडलाय एवढंच मी त्यांना सांगतो.) २००३ मध्ये ते लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आलं.

खरी अक्कलहुशारी त्यानंतरची आहे. सुरुवातीची पॉलिसी सगळ्यांनाच बांधू पाहणारी होती, माणसांनाही. लोक हैराण झाले. मग २००४ च्या शेवटी फेडोरा कोअर ३ मध्ये 'टार्गेटेड' नावाची पॉलिसी आली. तिचा विचार असा: लॉगिन करून काम करणाऱ्या माणसाला मोकळं सोडा, रात्रंदिवस नेटवर्ककडे तोंड करून बसलेल्या, कोणाही परक्याशी बोलणाऱ्या सर्व्हिसेस तेवढ्या बांधा. वेब सर्व्हर, डेटाबेस, नावांचा सर्व्हर अशा मोजक्या सर्व्हिसेसपासून सुरुवात झाली आणि यादी वाढत गेली. आज आपण वापरतो ती हीच पॉलिसी.

पुन्हा त्या एररकोडकडे

आता माझ्या डेटाबेसचं काय झालं होतं ते सांगतो. चमॉडचा उपयोग का झाला नाही हे आधी. कर्नल आधी डॅकची तपासणी करतो, त्यात पास झाल्यावरच एसईलिनक्सकडे वळतो. दोन दारं एकामागे एक. मी पहिलं दार ७७७ करून सताड उघडं टाकलं. अडत होतं दुसरं. यातून एक कामाची खूण मिळते: परमिशन डिनाइड आलं आणि ऑडिट लॉगमध्ये (एसईलिनक्सचे नकार नोंदवले जातात ती फाइल) तक्रारच नसेल, तर बहुधा पहिल्याच दारात अडलंय, साध्या परमिशन बघा. (बहुधा म्हटलं, कारण काही निरुपद्रवी नकार लॉगमध्ये लिहूच नका असंही पॉलिसीला सांगितलेलं असतं.)

माझ्या ऑडिट लॉगमध्ये मात्र तक्रार होती. रात्री एकला ती वाचायचं सुचलं नाही एवढंच. ओळ लांबलचक असते, पण त्यात बघायच्या गोष्टी चारच. काय करू पाहिलं: राइट. कोणी: मायएसक्यूएलडी_टी. कशावर: डीफॉल्ट_टी. ती वस्तू काय आहे: डिर, म्हणजे फोल्डर. एका वाक्यात वाचायचं तर, "डेटाबेसने डीफॉल्ट_टी चिठ्ठी असलेल्या फोल्डरमध्ये लिहायचा प्रयत्न केला, असा नियम नाही."

डीफॉल्ट_टी म्हणजे पॉलिसीला ज्या जागेची ओळखच नाही ती जागा. /व्हार/लिब/मायएसक्यूएल ही डेटाबेसची जागा हे पॉलिसी लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. मी माझ्या मनाने /डेटा/मायएसक्यूएल काढलं, ते त्यांना कसं ठाऊक असणार? आरसिंकने फाइली नेल्या, पण वेगळं सांगितल्याशिवाय तो चिठ्ठ्या नेत नाही. नव्या फाइलींना आसपासच्या फोल्डरची चिठ्ठी मिळाली. पॉलिसी बरोबर होती, डेटाबेस बरोबर होता. चिठ्ठी चुकीची होती.

उपाय दोन कमांडचा निघाला. सेमॅनेज या कमांडने सांगायचं की चिठ्ठ्यांच्या बाबतीत /डेटा/मायएसक्यूएल हे /व्हार/लिब/मायएसक्यूएल सारखंच समजा. मग रिस्टोअरकॉन चालवून प्रत्यक्ष फाइलींवर त्या चिठ्ठ्या लावून घ्यायच्या. चकॉन या कमांडने थेट चिठ्ठी बदलताही येते, पण उद्या कोणी सगळ्या सिस्टिमच्या चिठ्ठ्या नव्याने लावल्या की ती पुसली जाते. सेमॅनेजने सांगितलेलं टिकतं. मी ७७७ काढून जुन्या परमिशन परत केल्या, एसईलिनक्स चालू आहे ना ते पाहिलं, सर्व्हिस सुरू केली. उठली. या सगळ्याला चार मिनिटं लागली, आणि ती चार मिनिटं मी अकरा महिने वाचवली होती.

इथे एका कमांडबद्दल चार शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही: ऑडिट-टू-अलाऊ. तिला लॉगमधले नकार दिले की त्या प्रत्येकासाठी 'द्या'चा नियम ती आयता लिहून देते. इंटरनेटवरचे निम्मे सल्ले इथेच संपतात. माझ्या बाबतीत तिने काय लिहिलं असतं? मायएसक्यूएलडी_टी ला डीफॉल्ट_टी मध्ये लिहू द्या. म्हणजे माझा फोल्डर तर उघडलाच, शिवाय मशीनवर ज्या ज्या जागेला ओळख नाही त्या सगळ्या डेटाबेससाठी उघड्या. उद्या कोणी मुळापाशी /बॅकअप काढलं तर तेही. आचारी दागिन्यांच्या खोलीपाशी अडला, तर त्याला किल्ली बनवून देण्याआधी तो तिथे का गेला हे विचारायला हवं. बहुतेक वेळा पीठ चुकून त्या खोलीत ठेवलेलं असतं.

रोजची अडचण होते ती फार तर तीन-चार ठिकाणी. पहिली ही चिठ्ठ्यांची, आणि तिचं सगळ्यात जास्त दिसणारं रूप म्हणजे एमव्ही. घरच्या फोल्डरमध्ये इंडेक्सची फाइल बनवली आणि एमव्हीने वेब सर्व्हरच्या फोल्डरमध्ये हलवली, तर ती घरची चिठ्ठी कपाळावर घेऊनच जाते आणि वेब सर्व्हर ती वाचू शकत नाही. सीपीने नेली तर नवी फाइल बनते, तिला नव्या जागेची चिठ्ठी मिळते, आणि सगळं चालतं. एकाच फाइलचे दोन अनुभव, म्हणून माणूस चक्रावतो. दुसरी पोर्टची: वेब सर्व्हरला ८२ नंबरवर बसवा, सुरू होणार नाही, कारण ८२ हा वेबच्या पोर्टांच्या यादीत नाही, सेमॅनेजनेच त्या यादीत घालावा लागतो. तिसरी बुलियनची, म्हणजे पॉलिसी लिहिणाऱ्यांनीच ठेवून दिलेल्या बटणांची. वेब सर्व्हरने स्वतः उठून बाहेरच्या मशीनशी बोलणं हे मुळात बंद असतं. वर्डप्रेसचा डेटाबेस दुसऱ्या मशीनवर असेल तर त्यासाठीचं बटण चालू करावं लागतं. लोक यावर चिडतात. पण घुसखोराला वेब सर्व्हरमध्ये शिरल्यावर पहिलं काय करायचं असतं? बाहेरच्या आपल्या मशीनला फोन लावायचा असतो. ते बटण त्याच्यासाठी बंद आहे.

खिशातला पुरावा

एसईलिनक्स म्हणजे सर्व्हरवाल्यांची कटकट असं वाटत असेल, तर तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन बघा. २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून फोनमधली प्रत्येक प्रोसेस एसईलिनक्सच्या पॉलिसीखाली चालते. आणि कुंपण घालून कुठवर भागतं, कुठे भागत नाही, याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण तिथलंच आहे.

अँड्रॉइडमध्ये मीडियासर्व्हर नावाची एक सर्व्हिस होती. व्हिडिओ उलगडणं, आवाज वाजवणं, कॅमेरा चालवणं, सगळं तिच्याकडे. जुलै २०१५ मध्ये जोशुआ ड्रेक या संशोधकाने जाहीर केलं की व्हिडिओ उलगडणाऱ्या स्टेजफ्राइट या लायब्ररीत चुका आहेत. बिघडवलेला व्हिडिओ एमएमएसने पाठवला तरी काम होऊ शकतं, समोरच्याने तो उघडायचीही गरज नाही. आता मीडियासर्व्हरला पॉलिसीचं कुंपण होतं की. पण कुंपणाच्या आत काय काय होतं? कॅमेरा, माइक, नेटवर्क. त्या सर्व्हिसच्या कामासाठी हे सगळं खरोखरच लागत होतं, त्यामुळे पॉलिसीला ते द्यावंच लागत होतं. एकाच माणसाला आचारी, भटजी आणि दागिन्यांचा राखणदार केलं, तर त्याला सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या द्याव्याच लागतात. मग मॅक काय करणार?

२०१६ च्या अँड्रॉइड ७ मध्ये गूगलने मीडियासर्व्हरचे तुकडे केले. आवाजाची सर्व्हिस वेगळी, कॅमेऱ्याची वेगळी, आणि व्हिडिओ फाइलची चिरफाड करणारी वेगळी, तिचं नाव मीडियाएक्स्ट्रॅक्टर. परक्याने पाठवलेला माल पहिल्यांदा हाताळते ती हीच, म्हणून तिला सगळ्यात कमी हक्क. कॅमेरा नाही, माइक नाही, नेटवर्क तर नाहीच. तिच्या पॉलिसीत नुसता 'द्या' टाळलेला नाही, तर 'नेव्हरअलाऊ' लिहिलंय: हिला नेटवर्कचं सॉकेट कधीच देऊ नका, आणि उद्या कोणी देणारा नियम लिहिला तर पॉलिसी तयारच होऊ देऊ नका. व्हिडिओच्या लायब्ररीत त्यानंतरही चुका सापडत राहिल्या, पण त्यातून आत आलेल्याला एका रिकाम्या कोठडीत उतरावं लागतं.

सगळ्या लिनक्सवर एसईलिनक्स असतं असं नाही. उबुंटूवर आणि २०१९ पासून डेबियनवरही त्याच्या जागी ॲपआर्मर चालू असतं. त्याला चिठ्ठ्या नकोत. तो थेट पत्ते बघतो. डेटाबेसची प्रोफाइल म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल, तिच्यात या फोल्डरखाली लिहू द्या, ही फाइल वाचू द्या, अशा ओळी. वाचायला कितीतरी सोपं. पण माझ्यासारखा डेटा हलवलात तर ॲपआर्मरही अडवतोच, कारण नवा पत्ता प्रोफाइलमध्ये नाही. तिथे एक टोपणनावाची ओळ घालावी लागते, हा पत्ता म्हणजे तो पत्ता. दोन्हीत श्रेष्ठ कोण या वादात मला रस नाही. जे मशीनवर आधीच चालू आहे ते शिकावं.

कुंपण घातलं म्हणजे सुटलो असंही नाही. तुमच्या वेबसाइटच्या फॉर्ममध्ये एसक्यूएल इंजेक्शनची (फॉर्ममध्ये टाकलेला मजकूर डेटाबेस कमांड म्हणून चालवतो, अशी) चूक असेल, तर डेटाबेस आपल्याच टेबलांमधला डेटा आपल्याच पोर्टवरून देतो. पॉलिसीला त्यात वावगं काहीच दिसत नाही, कारण डेटाबेसचं ते कामच आहे. आणि खुद्द कर्नलमध्ये भोक असेल, तर ज्याने नियम पाळून घ्यायचे तोच फितूर झाला.

आपल्या सर्व्हिसचं काय

टार्गेटेड पॉलिसीत एक फट आहे, आणि ती फार कमी जणांना ठाऊक असते. डिस्ट्रिब्युशनबरोबर आलेल्या सर्व्हिसेसना पॉलिसी असते. तुम्ही स्वतः लिहून /यूएसआर/लोकल/बिन मध्ये ठेवलेल्या सर्व्हिसला नसते. सिस्टिमडीने ती सुरू केली की तिला अनकन्फाइन्ड_सर्व्हिस_टी अशी चिठ्ठी मिळते. नावच सांगतंय, ती मोकळी आहे. पीएसमध्ये हे नाव शोधा. गंमत अशी की साधारणपणे मशीनवरचा सगळ्यात कच्चा कोड तिथेच सापडतो, आपला स्वतःचा.

माझ्याकडे अशी एक सर्व्हिस होती. आवारातल्या वजनकाट्याच्या इंडिकेटरकडून सीरियल पोर्टवर वजन घ्यायचं आणि डेटाबेसमध्ये टाकायचं. सी भाषेतला छोटासा प्रोग्राम, नाव काटा. डेटाबेसच्या प्रकरणानंतर मी हिला कुंपण घालायचं ठरवलं.

सेपॉलिसी जनरेट ही कमांड सुरुवातीचा सांगाडा करून देते. त्यात तीन फाइली महत्त्वाच्या: एकीत नियम, दुसरीत कोणत्या जागेवर कोणती चिठ्ठी, तिसरी इतर पॉलिसींसाठी. सांगाड्यात एक ओळ असते, काटा_टी परमिसिव्ह. म्हणजे फक्त या एका टाइपला अडवू नका, पण जे अडवलं असतं ते लॉगमध्ये लिहा. बाकी सगळं मशीन कडक, एकटी काटा परीक्षेवर. सेटएनफोर्स झिरो मारण्याऐवजी त्या रात्रीही मी मायएसक्यूएलडी_टी तेवढा परमिसिव्ह करू शकलो असतो.

दोन आठवडे तसंच चालू ठेवलं, मुद्दाम महिनाअखेरही त्यात येऊ दिली, कारण काही कामं महिनाअखेरीलाच होतात. मग लॉग घेऊन बसलो. टीटीवाय_डिव्हाइस_टी उघडणं, वाचणं: हा सीरियल पोर्ट, हवाच. मायएसक्यूएलडी_पोर्ट_टी ला जोडणी: हवीच. आपल्या फोल्डरमध्ये लिहिणं: हवं. आणि मग एक ओळ, जिचं काही स्पष्टीकरण सुचेना: काटा_टी ने शेल_एक्झेक_टी चालवलं. दर वजनाला एकदा. काटा शेल कशाला चालवतोय?

कोड उघडला. चार वर्षांपूर्वी मीच लिहिलेली ओळ होती. पावतीवरची तारीख हवी तशी छापून मिळावी म्हणून मी सिस्टिम हे फंक्शन वापरून 'डेट' ही कमांड चालवत होतो, आणि ते फंक्शन प्रत्येक वेळी आधी शेल उघडतं. ऑडिट-टू-अलाऊने शेलचा नियम एका क्षणात लिहून दिला असता. त्याऐवजी ती ओळ काढली, तारीख सीमधल्याच स्ट्रफटाइम या फंक्शनने छापली आणि प्रोग्राम परत बांधला. आणखी तीन दिवस लॉग बघितला. शेल आलं नाही. मग परमिसिव्हची ओळ खोडली आणि सर्व्हिस पुन्हा सुरू केली. पहिला ट्रक काट्यावर चढला, पावती निघाली, आणि ऑडिट लॉगमध्ये काटाचं नाव नव्हतं.